पोटाची विचारपूस

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात प्रश्नावलीला स्थान नाही. पत्र, रोजनिशी, बखर, शिलालेख, जाहिरात, इतकेच काय भ्रमणध्वनीवरचा लघुसंदेशही आता 'संहिता' म्हणून वाचला जातो. परंतु जी संहिता अर्ध्या ओळी स्वतः छापते आणि उरलेल्या अर्ध्या वाचकाकडून भरून घेते, तिच्याकडे आम्हा मराठीच्या अध्यापकांचे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत टिपणात आम्ही अशाच एका प्रश्नावलीचा, म्हणजे आतड्यांचे आरोग्य आपले आपण तपासून पाहण्यासाठी तयार होणाऱ्या प्रश्नावलीचा, पूर्वेतिहास मांडणार आहोत. विषय ऐकून काही वाचक नाक मुरडतील याची कल्पना आहे. मराठी लेखनात पोटाला जागा मिळाली ती भुकेच्या अंगाने. पोटात गेलेल्या अन्नाचे पुढे काय होते, याविषयी आपले साहित्य बव्हंशी सोवळे पाळते.

निमित्त साधे होते. पोटाच्या विकारांचे वैद्यक करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी इंग्रजीवरून केलेल्या मराठी प्रश्नावलीचा खर्डा 'भाषा तेवढी पाहून द्या' म्हणून आमच्या हाती दिला. आमचा वावर नायगावात. हा परिसर असा आहे, की येथे या विषयाचे धागे चालत्या अंतरावर सापडतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या नायगावातील वास्तूतून निघून परळच्या दिशेने गेले, की हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय आणि टाटा स्मारक रुग्णालय ही तिन्ही एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. आणि या वाटेच्या अलीकडे बीडीडीच्या चाळी. भाषा तेवढी पाहायला बसलो आणि पाहता पाहता इतिहासात शिरलो.

प्रारंभ थोडा दूरचा, गोव्याचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. भारतातील औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो संपूर्ण ग्रंथ संवादरूप आहे: रुआनो नावाचे पात्र विचारते, ओर्ता उत्तर देतो. त्यात पटकीविषयी एक संवाद असून या रोगाचे इथले नाव ओर्ता 'मोर्शी' असे नोंदवतो. हीच आपली मोडशी. हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी घोळत फ्रेंचांपर्यंत गेला आणि तिथे ध्वनिसाम्यामुळे त्याचे 'मॉर् द शियाँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असे रूप झाले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाचा प्रवास आला आहे. आतड्यांविषयीचा एक मराठी-कोकणी शब्द युरोपात जाताना असा विपरीत अर्थ पांघरून गेला. पोटाच्या दुखण्याचे नाव भाषांतरात दगा देते याचे इतके जुने आणि इतके चोख उदाहरण आम्हांला दुसरे आढळलेले नाही.

परंतु 'विचारणे' ही क्रिया त्याहून कितीतरी जुनी. वाग्भटाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली, दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात तर प्रश्नाने काय काय जाणून घ्यावे याची यादीच आहे. रोगी कोणत्या देशातला, काळ कोणता, त्याला काय मानवते, दुखणे कसे उद्भवले, वेदना किती, बळ किती, अंतरग्नी कसा, आणि वात, मूत्र व पुरीष यांची प्रवृत्ती होते की नाही. आजच्या कोणत्याही पोटविषयक प्रश्नावलीचा सांगाडा यात दिसतो. अग्नी सम, विषम, तीक्ष्ण की मंद. कोष्ठ मृदू, मध्य की क्रूर, हे वर्गीकरणही असेच प्रश्नातून निष्पन्न होणारे आहे. 'बहुपर्यायी प्रश्न' हे नाव तेव्हा नव्हते, एवढेच.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'आमच्याकडे सगळे होतेच' या सुरात हा इतिहास सांगण्याची खोड आपल्याकडे आहे आणि ती आम्हांला मान्य नाही. चरकसंहितेत ग्रहणीच्या संदर्भात असे म्हटले आहे, की आमयुक्त मल जड असल्याने पाण्यात बुडतो आणि पक्व मल तरंगतो. निरीक्षण म्हणून हे लक्षणीय आहे. माणसाने स्वतःच्या शरीराबाहेर पडलेल्या वस्तूकडे किळस बाजूला ठेवून पाहावे, अशी अपेक्षा त्यात आहे. मात्र अन्वयार्थ बदलत जातो. पाश्चात्त्य वैद्यकात दीर्घकाळ तरंगणारा मल स्निग्धांश न पचल्याचे चिन्ह मानला जाई. १९७२ मध्ये लेविट आणि ड्युएन यांनी दाखवून दिले, की तरंगणे मुख्यतः मलात अडकलेल्या वायूमुळे घडते. म्हणजे एकच दृश्य, आणि त्याचे तीन अर्थ. म्हणून प्रश्नावलीत 'काय दिसते' हे विचारता येते. 'त्याचा अर्थ काय' हे उत्तर देणाऱ्यावर सोपवता येत नाही. पुढे या मुद्द्याकडे आम्हांला परत यावे लागणार आहे.

सुश्रुताचे प्रश्न वैद्य विचारतो. स्वतःच स्वतःला विचारण्याचा प्रकार मराठीत कुठे आहे? दासबोधाच्या तिसऱ्या दशकाचे नावच स्वगुणपरीक्षा. त्यातील सहाव्या समासात आध्यात्मिक तापाच्या निरूपणात समर्थांनी देहाच्या व्याधींची जी भलीमोठी नामावळी दिली आहे, ती वर्गात शिकवताना आपण घाईने ओलांडतो, कारण परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही. पण दासबोधातील लक्षणांचे समास, मूर्खलक्षणे असोत की पढतमूर्खाची लक्षणे, वाचणाऱ्याकडून काय करवून घेतात? एकेक लक्षण वाचून श्रोत्याने मनातल्या मनात 'हे माझ्यात आहे का' असे ताडून पाहावे. अनुक्रमांक आणि चौकटी नसलेली ही स्वपरीक्षणाची यादीच आहे. तिचा उद्देश आरोग्य नव्हे, वैराग्य; तरी लक्षणांच्या यादीतून स्वतःकडे पाहण्याची सवय मराठी श्रोत्याला नवी नव्हती, इतके म्हणता येईल. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'सारख्या ग्रंथांनी पुढे ही सवय घरगुती वैद्यकाच्या रूपाने माजघरात नेली.

आता परळ. १८९६ च्या प्लेगात हाफकिन यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. लसींची कथा सर्वांना माहीत आहे. आम्हांला सांगायची आहे ती तिथल्या एका पाहणीची. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी मातामृत्यूंच्या चौकशीसाठी तिला बोलावले होते. गरोदरपणी होणारा एक तीव्र रक्तक्षय मुंबईच्या गरीब स्त्रियांमध्ये, विशेषतः कापडगिरण्यांतील कामगार बायकांमध्ये, मोठ्या प्रमाणात आढळत होता आणि त्यात बळी जात होते. प्रथम संशय जंतूंचा होता. विल्सने शौचातील जंतूंचाही तपास केला. काळच तसा होता: आतड्यातल्या जंतूंचे विष रक्तात भिनून माणूस क्षीण होतो, ही कल्पना युरोपात तेव्हा जोरात होती. पण जंतूत उत्तर मिळेना. मग प्रश्न बदलला. पोटात कोणता जंतू आहे, याऐवजी ताटात काय असते?

१९३० मध्ये विल्स आणि एस. एन. तळपदे यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्याचा विषयच मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीच्या आरोग्यस्थितीची पाहणी हा होता. लंडनहून आलेल्या बाईला मुंबईतल्या बाईच्या ताटातले कळायचे तर मध्ये इथली भाषा जाणणारी व्यक्ती हवीच. भाजी रोज की सणावारी, दूध घरात कोणाच्या वाट्याला येते, बाई कोणाच्या मागाहून जेवते, हे प्रश्न इंग्रजीत सुचले असतील, पण त्यांची उत्तरे इंग्रजीत आली नसणार. पाहणीतून निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचा आहार आणि रक्तक्षय यांचे नाते पुढे आले; गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट आणि रोगाचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक. तोच आहार उंदरांना दिला, तेही रक्तक्षयी झाले. अखेर यीस्टच्या अर्काने, मार्माइट या बाजारात मिळणाऱ्या साध्या पदार्थाने, रोगी बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात घटकाला 'विल्स घटक' म्हणत. पुढील दशकात तो वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव पडले. आज गरोदर स्त्रीला जगभर ज्या गोळ्या देतात त्यांच्या मुळाशी परळमध्ये विचारलेले हे जेवणाचे प्रश्न आहेत. प्रश्नावलीला वाङ्मय म्हणायला जे कचरतात त्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा, असे आम्हांला वाटते. उत्तर सापडले ते प्रश्नाची दिशा बदलल्यावर.

याच काळात सरकारही विचारत होते. मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. गिरणीकामगाराला मिळणारे धान्य तुरुंगातल्या कैद्यासाठी ठरवलेल्या शिध्यापेक्षाही कमी पडते, हे त्यातून निघालेले अनुमान पुढे अनेकांनी उद्धृत केले. पोटात काय जाते याची अशी मोजदाद झाली. पोटाला काय होते हे मात्र कोणी विचारले नाही.

ते विचारणे सोपेही नव्हते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकी नायगावात ४२ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि शौचालय मजल्यावर सामाईक. सकाळी पाळीवर जाणाऱ्यांची टमरेले घेऊन लागलेली रांग हा गिरणगावच्या आठवणींचा कायमचा भाग आहे. विनोदी लेखनाने तिच्यावर पुष्कळ हात मारला, गंभीर लेखनाने कमी. या रांगेत शरीराची एक वेगळीच शिस्त घडते. वेग आला म्हणजे जायचे, हा आयुर्वेदाचा उपदेश. वेग धारण करणे हे रोगाचे कारण. पण सामाईक शौचालयात वेग रांगेच्या सोयीने यावा लागतो. बायकांच्या बाबतीत तर तो अंधाराच्या आणि एकांताच्याही सोयीने.

हे सांगण्याचे कारण असे. आमच्या हातातल्या खर्ड्यात एक प्रश्न होता: 'शौचास जाण्यासाठी तुम्हांला घाईघाईने धावत जावे लागते का?' मूळ इंग्रजी प्रश्नाचा हेतू आतड्याची अनावर घाई मोजण्याचा. आम्ही तो चाळीत राहिलेल्या काही वडीलधाऱ्यांना वाचून दाखवला. एका आजोबांनी शांतपणे सांगितले, "धावलं तरच नंबर लागायचा." एका आजींनी त्याहून पुढे जाऊन आम्हांलाच विचारले, "पोट साफ होतं का म्हणून काय विचारता, बाळांनो? आधी संडास साफ असायचा का ते विचारा." हसू आले खरे, पण मापनाच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे गंभीर आहेत. या प्रश्नाला चाळीतून येणारे 'हो' आतड्याविषयी सांगते की इमारतीविषयी, हे उत्तरपत्रिका पाहून ओळखता येणार नाही. प्रत्येक सदनिकेत स्वतंत्र शौचालय असलेल्या घरात हा प्रश्न रचला गेला, आणि ते घर त्या प्रश्नाच्या आत अजून बसलेले आहे.

मग हे प्रश्न रचले कोणी? पाश्चात्त्य इतिहास थोडक्यात सांगतो. रोग्याने स्वतः भरायच्या आरोग्यप्रश्नावल्यांत १९४९ ची 'कॉर्नेल मेडिकल इंडेक्स' प्रसिद्ध आहे. तिच्यात 'हो' की 'नाही' असे १९५ प्रश्न होते. आतड्यांपुरते पाहायचे तर १९७८ मध्ये ब्रिस्टलच्या मॅनिंग, थॉम्पसन, हीटन आणि मॉरिस यांनी १०९ रोग्यांना १५ लक्षणांविषयी विचारले आणि कोणती लक्षणे क्षुब्ध आतड्याकडे निर्देश करतात व कोणती खऱ्याखुऱ्या इजेकडे, हे ताडून पाहिले. शौचानंतर दुखणे थांबणे, दुखू लागले की शौच पातळ आणि वरचेवर होणे, पोट डोळ्यांना दिसेल इतके फुगणे, अशी चार लक्षणे ठळकपणे पुढे आली. यानंतर तज्ज्ञांच्या समित्या आल्या, रोममध्ये बसल्या, आणि 'रोम निकष' या नावाने आवृत्तीमागून आवृत्ती काढू लागल्या. चौथी २०१६ ची.

या साऱ्यात आम्हांला सर्वांत वाङ्मयीन वाटली ती ब्रिस्टलचीच दुसरी निर्मिती. १९९७ मध्ये लुइस आणि हीटन यांनी ६६ स्वयंसेवकांवरून दाखवले, की मलाच्या आकारावरून अन्न आतड्यातून किती वेगाने गेले याचा अंदाज बांधता येतो. त्यांनी सात प्रकार केले आणि त्यांतील काहींना उपमा दिली. उपमांच्या आधारे उभे असलेले हे मापन आज जगभर वापरले जाते. उपमा मात्र ब्रिस्टलच्या न्याहारीच्या टेबलावरून उचललेल्या: सुकामेवा आणि सॉसेज. ज्या घरात सॉसेज कधी शिजलेच नाही तिथे त्या उपमेचे काय करायचे? खर्ड्यात 'सॉसेजसारखा' हा शब्द देवनागरीत तसाच होता. आमच्या परिसरातील वृद्धांकडे पहिल्या प्रकारासाठी तयार शब्द होता, लेंड्या. आणि चौथ्यासाठी पिकल्या केळ्याची उपमा कोणीतरी सहज दिली. उपमान बदलले तरी उपमेय ढळत नाही, हे अलंकारशास्त्राच्या पहिल्या तासाला आपण शिकवतोच. स्नेह्यांची अडचण वेगळी होती: उपमा बदलली, की मापन तेच राहिले हे पुन्हा सिद्ध करावे लागते. ही अडचण खरी आहे आणि साहित्याच्या लोकांनी ती हसण्यावारी नेऊ नये.

अंकांतही असाच परका मुक्काम आहे. 'आठवड्यातून तीनदा' ही बद्धकोष्ठाची सीमारेषा ज्या पाहण्यांतून रूढ झाली त्यांपैकी एक म्हणजे १९६५ ची कॉनेल व सहकाऱ्यांची इंग्लंडमधील पाहणी. तिच्यात हजाराहून अधिक कारखान्यांतले कामगार होते. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा या पट्ट्यात जवळजवळ सगळे बसले, म्हणून तो पट्टा स्वाभाविक ठरला. त्यांचे कामगार, त्यांचा पाव, त्यांचे बटाटे. आपल्याकडे बहुसंख्य लोक दिवसातून एकदा वा अधिक वेळा शौचास जातात. भारतीय जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या कार्यगटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री अहवालातही हेच चित्र आहे. नायगावातला जो माणूस दिवसाआड जातो आणि 'माझं पोट साफ होत नाही' म्हणून त्रस्त असतो, तो या मोजपट्टीवर निरोगी ठरतो. त्याचे म्हणणे खोटे नाही आणि मोजपट्टीही खोटी नाही. ती फक्त त्याच्या मापाची नाही.

'पोट साफ होणे' या प्रयोगाकडेच पाहा. त्यात वारंवारिता नाही, आकार नाही; त्यात एक समाधान आहे, सकाळी निष्पन्न होणारे आणि दिवसभर पुरणारे. इंग्रजी प्रश्नावलीत याच्या जवळ जाणारा प्रश्न 'अपूर्ण उत्सर्जनाची भावना' हा. कोशाच्या दृष्टीने भाषांतर निर्दोष. पण चाळीतल्या कोणालाही ते वाचून स्वतःचे पोट आठवणार नाही. 'गॅस'ची गंमत याहून मोठी. हा इंग्रजी शब्द मराठीने असा आपलासा केला, की त्याला वातप्रकोपाचा सारा जुना अर्थ देऊन टाकला: गॅस पोटात होतो, छातीत चढतो, डोक्यात जातो, पाठीत धरतो. छातीतल्या दुखण्याला 'गॅस झाला असेल' म्हणून घरी बसलेल्यांपैकी काहींचे पुढे काय झाले हे ज्याच्या त्याच्या नात्यागोत्यात ठाऊक असते. आणि पित्त! मराठी माणसाला पित्त होते म्हणजे आंबट ढेकर येतात, किंवा उलटी होते, किंवा अर्धे डोके दुखते. पित्त उठते म्हणजे अंगावर गांधी येतात. आणि पित्त खवळते तेव्हा तर आजारी दुसराच कोणी पडण्याचा संभव असतो. 'तुम्हांला पित्ताचा त्रास आहे का?' या प्रश्नाला मुंबईत नकार मिळणे कठीण. २००१ मध्ये मुंबईतल्या सर्वसामान्य लोकांमधील अपचनाची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे तीस टक्के लोकांत ही तक्रार निघाली. इतकी मोठी टक्केवारी हाती आली, की नेमके काय विचारले गेले आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारायलाच हवा.

भाषांतरित प्रश्नावली पारखण्याची एक मान्य रीत आहे. एकाने इंग्रजीचे मराठी करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता मराठीचे पुन्हा इंग्रजी, आणि दोन्ही इंग्रजी जुळली की भाषांतर उत्तीर्ण. या उलट-भाषांतरावर वैद्यकाचा मोठा भरवसा आहे. आमचा तितका नाही. 'डिस्कंफर्ट'चे 'अस्वस्थता' होते, 'अस्वस्थता'चे परत 'डिस्कंफर्ट' होते, दोन्ही बाजूंनी हिशेब जुळतो. आणि तरीही मराठीत अस्वस्थता ही मनाची असते, पोटाची नव्हे. मुलीचे लग्न ठरत नसेल तर बाप अस्वस्थ असतो. पोटाला 'कसंतरी' होते, 'डचमळते', 'ढवळते', 'जड वाटते', 'गच्च होते', 'कळ येते', 'मुरडा येतो'. आणि इथे भाषेच्या बाजूने एक दखलपात्र निकाल लागलेला आहे: २०१६ च्या चौथ्या रोम निकषांतून 'डिस्कंफर्ट' हा शब्द वगळण्यात आला. कारणांपैकी एक असे, की अनेक भाषांत त्याला शब्द नाही किंवा असल्यास त्याचा अर्थ निराळा होतो. ज्यांच्या भाषांत तो शब्द बसत नव्हता त्यांनी मूळ इंग्रजी संहिताच दुरुस्त करायला लावली. भाषांतराच्या इतिहासात असे क्वचित घडते; एरवी न बसणारा शब्द लक्ष्यभाषेच्या गळ्यात मारला जातो आणि दोष तिच्या दारिद्र्याला दिला जातो.

कोण विचारते, यानेही उत्तर बदलते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोम प्रतिष्ठानच्या जागतिक पाहणीत ३३ देशांतल्या त्र्याहत्तर हजारांहून अधिक लोकांना विचारले गेले. जिथे लोकांनी संगणकावर एकट्याने उत्तरे दिली तिथे आतड्यांच्या कार्यात्मक विकारांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्के निघाले. जिथे पाहणी करणारा घरी येऊन समोर बसला तिथे सुमारे वीस. भारत या दुसऱ्या गटात होता. देश निराळे असल्याने सारा फरक लाजेच्या नावावर टाकता येणार नाही. तरी १६० चौरस फुटांच्या खोलीत, सासऱ्यासमोर आणि शेजारणीच्या कानावर जाईल अशा अंतरावर, एखादी सून शौचाविषयी काय सांगेल याची कल्पना करावी. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ पासून चालवलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत आई आपल्या मुलाच्या गेल्या दोन आठवड्यांतल्या जुलाबांविषयी सांगते, कारण ते मुलाचे असतात. स्वतःचे सांगायला कागद बरा. स्वपरीक्षणाच्या प्रश्नावलीचे खरे समर्थन आम्हांला येथे दिसते. मात्र त्यासाठी कागदावरची मराठी अशी हवी, की दुसऱ्याकडून समजून घ्यायची वेळ येऊ नये. नाहीतर लाज पुन्हा खोलीत येते.

शौचास जाण्याला मराठीत शब्द कमी नाहीत. परसाकडे, बहिर्दिशेस, झाड्याला, संडासला, आणि शाळकरी मुलांचे 'दोन नंबर'. परसाकडे म्हणणाऱ्या आजींच्या चाळीला परस कधीच नव्हते. शब्द कोकणातून ट्रंकेबरोबर आला आणि राहिला. खर्ड्यात सर्वत्र 'मलविसर्जन' होते. आम्ही ते काढून 'संडासला होणे' सुचवले, स्नेह्यांना ते फार उघडे वाटले, आणि अखेर 'शौचाला होणे' यावर तडजोड झाली. तडजोड बरी आहे. शासकीय मराठी आणि बोलीतली मराठी यांच्यामध्ये एक शालीन मराठी आहे, तिचा उपयोग अशा वेळी होतो.

एका प्रश्नावर मात्र आम्ही तडजोड करू शकलो नाही, आणि हे सारे लिहिण्याचे खरे कारण तो प्रश्न आहे. 'तुम्हांला मूळव्याध आहे का?' असे खर्ड्यात छापले होते. 'हो' म्हणणाऱ्याने पुढचे दोन प्रश्न सोडून द्यायचे. आता मराठीत शौचावाटे रक्त जाणाऱ्या बहुतेक माणसांना मूळव्याधच असते, म्हणजे तेच एक नाव त्यांना ठाऊक असते. मग चुना-हळदीपासून झाडपाल्यापर्यंत आणि भिंतीवरच्या 'शर्तिया इलाज'वाल्या जाहिरातींपर्यंत उपाय होतात. रक्त जाण्याचे कारण बहुधा मूळव्याधच असते हे खरे. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगातही पहिले चिन्ह तेच असू शकते, आणि टाटा रुग्णालय १९४१ पासून आमच्या इतक्या जवळ असूनही या एका शब्दाच्या आडोशाने माणसे तिथे उशिरा पोहोचतात. रोगाचे नाव विचारले, की माणूस आपण स्वतःच केलेले निदान सांगतो. दिसले काय, हे विचारले तर साक्ष देतो. मल तरंगतो की बुडतो हे पाहणाऱ्या ग्रंथकाराला हा भेद कळत होता. सोडून द्यायला सांगितलेल्या त्या दोन प्रश्नांत नेमका रक्ताचा रंग आणि गेल्या सहा महिन्यांत कमी झालेले वजन यांविषयी विचारले होते.

अलीकडे या प्रकाराला सरकारी पाठबळही मिळाले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने देशभर प्रकृतिपरीक्षणाची मोहीम सुरू केली, भ्रमणध्वनीवरील उपयोजनाच्या आधारे. भूक कशी, कोठा कसा, झोप कशी, अशा प्रश्नांतून वात, पित्त, कफ यांचे प्रमाण सांगणाऱ्या याद्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून त्याआधीही येत असत आणि लोक त्या हौसेने भरत. त्यात वावगे काही नाही. प्रकृती सांगणारी यादी आणि धोका ओळखणारी यादी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे भरणाऱ्याला कळेल अशी वाक्ये त्यांत असावीत. पहिलीत सर्वांनाच काही ना काही उत्तर मिळते. दुसरीत बहुतेकांना 'काही नाही' हेच उत्तर मिळायला हवे आणि थोड्यांना 'आजच जा' हे.

आमच्या स्नेह्यांनी मूळव्याधीचा प्रश्न काढला. त्या जागी आता तीन प्रश्न आहेत: शौचाच्या वेळी रक्त दिसते का, ते लालभडक असते की काळपट, किती दिवसांपासून. तिसऱ्या प्रश्नावर पुन्हा अडले, कारण वाचून दाखवताना जवळजवळ प्रत्येकाने 'अधूनमधून, पहिल्यापासून' असे उत्तर दिले आणि त्यासाठी कागदावर चौकट नव्हती. ती वाढवून घेतली आहे. आज्या-आजोबांसमोर दुसरे वाचन दिवाळीनंतर ठरले आहे.